शिक्का

टोकियोच्या पूर्वेस एदोगावा नामक ज्या वॉर्डात मी बिऱ्हाड केले आहे, तेथील बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याहून सखल असून, २०१९ साली वॉर्डाच्या कचेरीने घरोघर वाटलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘येथे थांबू नका’ अशी ताकीद छापलेली होती. कर वसूल करणाऱ्या दप्तराने रयतेशी इतके खरे बोलावे याचे मला नवल वाटले. त्या मुखपृष्ठाच्या पुढे जाण्याची तसदी मात्र मी घेतली नाही.

आमच्या आळीत अधूनमधून एक पाटी फिरते. ‘काइरानबान’ हे तिचे नाव. आळीतल्या रहिवासी मंडळाच्या सूचना तिला चिमट्याने लावलेल्या असतात, खाली प्रत्येक बिऱ्हाडाचा चौकोन असतो, आणि मजकूर वाचून, आपल्या चौकोनात शिक्का उमटवून ती शेजारच्या दारी पोहोचती करावयाची, असा रिवाज आहे. चित्रलिपीशी माझे सख्य बेताचेच, म्हणून दोन वर्षे मी इमानेइतबारे शिक्के मारले आणि अक्षरही वाचले नाही. १९२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस, ११ वाजून ५८ मिनिटांनी, घरोघर दुपारच्या स्वयंपाकाचे विस्तव पेटलेले असताना झालेल्या ज्या भूकंपात लाखाहून अधिक माणसे, बहुतांशी आगीने, मृत्युमुखी पडली, त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या कवायतीस माझा शिक्का हजर आणि मी गैरहजर, ही गोष्ट अखेर शेजारच्या आजीबाईंच्या ध्यानी आली.

त्या वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. माणसे किती, औषधे कोणती, हे झाल्यावर त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, “आपण निजता कोठल्या खोलीत?” पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या मला चौकशांची सवय आहे, तरीही मी चपापलो. तेव्हा त्यांनी सांगितले की, १९९५ च्या जानेवारीत कोबेकडे पहाटे भूकंप झाला त्या वेळी अवाजी बेटावरील होकुदान गावात कोण कोणत्या खोलीत निजते हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे नेमके कोठे उकरावयाचे याचा शोध करीत बसावे लागले नाही, आणि गाडलेली माणसे त्याच दिवशी बाहेर निघाली. मी मुकाट्याने पूर्वेकडच्या खोलीकडे बोट दाखविले.

पुढल्या कवायतीस मी गेलो. पाणी भरलेले आगविझवे यंत्र हाती देऊन, ज्वाळा रंगविलेल्या फळीवर धार सोडण्यापूर्वी ‘काजि दा!’ म्हणजे ‘आग लागली!’ असे ओरडावयास सांगतात. भल्या माणसाने रस्त्यात ओरडू नये या संस्कारामुळे माझा आवाज इतका क्षीण निघाला की, बंबवाल्याने मला तिसऱ्यांदा रांगेत उभे केले. मग शिध्याची पाळी आली. तेथील सुकविलेला शिजका भात कढत पाण्यात पाव तास, थंड पाण्यात तासभर ठेवावा लागतो. माझ्या पिशवीत पोहे होते. वाडग्यात घेतले, थंड पाण्याने भिजविले, निथळले, मीठ आणि लिंबू लावले, तोवर शेजारचा भात अद्याप कडकच होता.

चिमूटभर चाखून आजीबाईंनी वही उघडली आणि आमच्या बिऱ्हाडापुढे काहीतरी टिपून ती माझ्यापुढे धरली. शिक्का मारू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “आधी वाचून तर घ्या.”