चिंगीला शिबिराला न्यायचं म्हणजे

आमची चिंगी चावरी नाही, पण अनोळखी कुत्रं जवळ आलं की ती चावऱ्या कुत्रीपेक्षा भयंकर दिसते. मानेपासून शेपटापर्यंत केस उभे, दात बाहेर, आणि आवाज असा की समोरचा माणूस आधी पायातली चप्पल हातात घेतो. घरात हीच कुत्री कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाते. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हसून म्हणाले, "वहिनी, ही रागावलेली नाही, घाबरलेली आहे. लांब राहा म्हणून ओरडून सांगतेय बिचारी." लांब राहा हे तिचं म्हणणं गर्दीच्या ठिकाणी कसं पाळायचं, याचीच आमची सगळी खटपट.

ती २०२१च्या पुरातली. त्या २२ जुलैला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर बसून होती. पाणी उतरल्यावर शेजारच्या इमारतीच्या जिन्यात हे जेमतेम महिन्याचं पिल्लू सापडलं. आई कुठे दिसली नाही. कुत्र्याच्या पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय फार थोडं असतं, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात जे दिसलं, हुंगलं, ऐकलं ते त्याला पुढे आपलं वाटतं. जे राहिलं ते परकं. चिंगीचे ते आठवडे गाळ उपसणाऱ्या जेसीबीच्या आणि पाणी ओढणाऱ्या पंपांच्या आवाजात गेले. पिल्लाला चार चांगली कुत्री भेटावीत असे ते दिवसच नव्हते. अजूनही पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती आधी जिन्याकडे पळते.

रायगड जिल्ह्यात राहून भित्रं कुत्रं पाळणं हेही जरा अवघडच. इथे कुत्रं म्हटलं की लोकांना रायगड किल्ल्यावरचा वाघ्या आठवतो. शिवरायांच्या समाधीशेजारच्या त्याच्या पुतळ्यावरून केवढे वाद झाले. २०१२ साली तो काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. त्या काळच्या कागदपत्रांत त्या कुत्र्याचा पुरावा नाही असं अभ्यासक सांगतात, तरी शिवरायांच्या चितेत उडी घेणारं कुत्रं लोकांच्या मनातून जात नाही. त्यात २०२०च्या ऑगस्टमध्ये महाडच्या काजळपुऱ्यातली तारीक गार्डन ही इमारत कोसळली, तेव्हा एनडीआरएफच्या जवानांबरोबर श्वानपथकही आलं होतं. कटर, क्रेन, सायरन, रडारड, आणि त्यात ढिगाऱ्यावर माणसाचा वास शोधणारी कुत्री. ती पाहिलेली माणसं चिंगीकडे बघून म्हणतात, "ट्रेनिंग द्या की हिला." त्यांना कसं सांगायचं की त्या कामासाठी आधी धीटच पिल्लं निवडतात आणि मग शिकवतात. भित्र्याला शिकवून फार तर भीती सोसायला येते. तेवढं झालं तरी आम्ही समाधानी आहोत.

तर शिबिर. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास ठिकठिकाणी कुत्र्यांच्या लसीकरणाची मोफत शिबिरं होतात. ही लस टाळून चालत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, कुत्रं असो की माणूस. पण शिबिराचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहाची वेळ, एकच फाटक, एक टेबल, त्यापुढे रांग. रांगेत साखळीला बांधलेला डॉबरमन, कुणाच्या कडेवर पॉमेरियन, शाळकरी पोरांनी सुतळी बांधून आणलेली गल्लीतली पिल्लं, आणि फोटोसाठी थांबलेले पाहुणे. सगळी कुत्री एकमेकांच्या तोंडासमोर तोंड करून उभी. मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा सरळ चालून जात नाहीत. वळसा घेतात, बाजूने हुंगतात, नजर टाळतात. आखूड पट्ट्यात, रांगेत, तोंडावर तोंड ही त्यांच्या भाषेत भांडणाची तयारी झाली.

म्हणून आम्ही रांगेत उभंच राहत नाही. आदल्या संध्याकाळी चिंगीला त्या मैदानात नेऊन आणतो. मैदान रिकामं असतं, तिला हवं तेवढं हुंगू देतो. दुसऱ्या दिवशी माझे यजमान एकटेच जाऊन नाव लिहून येतात. मी आणि चिंगी रस्त्यापलीकडे, उभ्या असलेल्या एखाद्या टेम्पोच्या आडोशाला. टेम्पो हा आमचा फार मोठा आधार आहे. तिला कुत्र्यांचा वास येतो, आवाज येतो, पण दिसत कुणी नाही. मग आडोशातून एक पाऊल बाहेर यायचं, तिने एखादं कुत्रं लांबून पाहिलं की लगेच बोंबलाचा तुकडा द्यायचा, आणि परत आत. दुसरं कुत्रं दिसणं म्हणजे बोंबील मिळणं, हे तिच्या डोक्यात बसावं एवढाच हेतू. बिस्किटांनी हे होत नाही. सुका बोंबील किंवा वाकटी भाजून बारीक तुकडे करून कापडी पिशवीत न्यायची. माझ्या ओढणीला दिवसभर वास येतो आणि रिक्षावाले नाक मुरडतात, पण उकडलेल्या कोंबडीपेक्षा हे टिकतं आणि कोकणातल्या कुत्रीला जास्त पटतं.

बोंबील हे मोजमापही आहे. चिंगीने तुकडा अलगद घेतला तर ठीक चाललंय. हातातून ओरबाडून घेतला तर ताण चढलाय. तोंडाशी आलेला बोंबील तिने हुंगलाही नाही, तर अंतर संपलं. आता काही शिकवायला जाऊ नये, मुकाट्याने मागे फिरावं. भुंकण्याच्या बऱ्याच आधी ती इतरही खुणा देते. झोप नसताना जांभई देते, नाकावरून जीभ फिरवते, कान मागे पाडते, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघते आणि तेव्हा डोळ्याचं पांढरं दिसतं. सर्वांत वाईट खूण म्हणजे एकदम गप्प होणं. हलणारी शेपटी थांबली, अंग लाकूड झालं की पुढच्या क्षणी स्फोट ठरलेला. बघणाऱ्यांना मात्र ती तेव्हाच सगळ्यांत शहाणी वाटते. "बघा, किती शांत बसलीये," असं म्हणत लोक नेमके त्याच क्षणी हात पुढे करतात.

मागे फिरणंही शिकवावं लागलं. "फिर" म्हटलं की तिने माझ्या पायाशी वळून उलट दिशेने चालायचं. हे आम्ही घराच्या ओटीवर, मग गल्लीत, मग गांधारीच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर करत गेलो. संकटात शिकवलेलं कुत्र्याला समजत नाही. आधी पाठ असलेलंच तेव्हा उपयोगी पडतं. साखळी आम्ही वापरत नाही, ती वाजते. सुती जाड दोरी, एक टोक छातीवरच्या हारनेसला आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं हातात. दोरी ढिली ठेवायची. आपण ताणली की ती आपल्या हातातली भीती बरोबर ओळखते.

आणि मुसकं. मळणीत बैलाच्या तोंडाला असतं त्याला आमच्याकडे मुसकं म्हणतात, तोच शब्द हिच्या जाळीलाही लागला. तोंड आवळून धरणारं कापडी मुसकं आम्ही नाकारलं, कारण कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या नाहीत तर अंगातली उष्णता जात नाही. सप्टेंबरचं महाडचं ऊन म्हणजे काय ते इथल्यांना ठाऊक आहे. पिंजऱ्यासारखी जाळी असली की तोंड उघडतं, पाणी पिता येतं, बोंबीलही आत सरकवता येतो. जाळीच्या तळाला दही लावून, तिने आपणहून तोंड घालावं, अशी तिची सवय आम्ही सावकाश लावली. मुसक्याचा खरा फायदा वेगळाच निघाला. ते बघून लोक आपोआप चार हात लांब राहतात.

कारण सगळ्यांत कठीण असतात ती माणसंच. "आमचा काही करत नाही हो," असं म्हणत मोकळा लॅब्रेडॉर घेऊन येणारे गृहस्थ प्रत्येक शिबिरात भेटतात. तुमचा काही करत नसेल, आमची करते, हे त्यांना तो लॅब्रेडॉर चिंगीच्या नाकाशी पोहोचेपर्यंत ऐकू येत नाही. "घाबरते हो ती" असं सांगितलं तर लोक उलट जवळ येतात, प्रेमाने चुचकारायला. "चावते" म्हटलं तर थांबतात, पण मग असं कुत्रं आणलंच कशाला यावर भाषण देतात. माझ्या सासऱ्यांनी यावर उपाय काढला होता. कुणी जवळ येऊ लागलं की ते शांतपणे सांगायचे, "खरूज झालीये तिला." मैदान रिकामं! हे खोटं बोलणं मला पटत नाही, पण याच्याइतकं हमखास चालणारं दुसरं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

काही ठिकाणी मात्र आम्ही तिला नेतच नाही. महाडच्या वीरेश्वराच्या छबिना उत्सवाला पालख्या येतात, सासनकाठ्या नाचतात, ढोल घुमतात. तेव्हा चिंगी माझ्या माहेरी पोलादपूरला असते, महामार्गापासून आत, आईच्या मागच्या खोलीत, पंखा मोठा करून. एकदा तालुक्यातल्या एका मंडळाने कुत्र्यांची स्पर्धा ठेवली होती आणि पोलादपूरच्या भाच्यांनी फार आग्रह केला. आम्ही आधी मैदान बघून आलो. स्टेजशेजारी डीजेच्या भिंती, त्यांच्या पुढ्यातच कुत्र्यांचं रिंगण, आत-बाहेर जायला एकच वाट. माणसाला ऐकू येतो त्याच्या दुपटीहून उंच पट्टीतला आवाज कुत्र्याला ऐकू येतो. त्या रिंगणातल्या धीट कुत्र्यांचेही कान पडलेले होते. आम्ही भाच्यांना भेळ खाऊ घातली आणि चिंगीला घरीच ठेवलं. गुंगीची गोळी द्या की, असं कुणीतरी सुचवलं. नुसती गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनी अंग सुस्त होतं, भीती आत तशीच राहते. भीती कमी करणारी औषधं वेगळी, आणि ती डॉक्टरांनी द्यायची, आपल्या घरातल्या डब्यातून नव्हे.

लस मात्र चुकवली नाही. बहुतेक कुत्री घरी गेल्यावर, टेबल आवरता आवरता डॉक्टर स्वतः सिरिंज घेऊन टेम्पोपाशी येतात. यजमान समोरून बोंबील धरतात, मी तिचं डोकं माझ्या गुडघ्याशी घेते, सुई मागून लागते. तिला कळायच्या आत काम होतं. मग ती नाकापासून शेपटापर्यंत अंग झाडते आणि आम्ही निघतो. दुसऱ्या दिवशी तिला बाहेर नेत नाही, पाहुणे बोलावत नाही. अंगातला ताण उतरायला वेळ लागतो आणि त्या काळात ती पानगळीलाही भुंकते.

हे डॉक्टर माणूस म्हणून चांगले, म्हणून आमचं जमलं. पण शिबिराच्या रांगेकडे बघताना एक गोष्ट दरवर्षी खुपते. तिथे येतात ती बहुधा धीट, माणसाळलेली, कुणालाही न चावणारी कुत्री. घाबरून चावू शकतील अशी कुत्री घरीच राहतात, कारण त्यांना रांगेत आणणं मालकाला झेपत नाही. म्हणजे ज्या दातांना लसीची सर्वांत जास्त गरज, तेच सुटतात. तेव्हा महाड-पोलादपूरमध्ये आणि इतरत्रही शिबिरं भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की दुपारचा शेवटचा एक तास अशा कुत्र्यांसाठी राखून ठेवा, आणि तसं पत्रकावर छापा. नाव फोनवर लिहून घ्या, एकेकाला वेळ द्या, येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवा, लाऊडस्पीकर तेवढा वेळ बंद करा. याला जास्तीचा पैसा लागत नाही. आणि तुमच्याकडे लॅब्रेडॉर असेल तर कृपा करून तो पट्ट्यात ठेवा.