भार घेतल्यावर कळते



सामरवरणीतील आमच्या सेवागटाकडे डीएन ०९ पाटीची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. वयस्करांना रविवारी मिस्सेला आणणे आणि कुणी आजारी पडले तर सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात पोहोचवणे, हे तिचे काम. पेट्रोलचा खर्च झेपेना, म्हणून आम्ही सीएनजी किट बसवायचे ठरवले.

किट म्हणजे नुसता सिलिंडर नव्हे. त्यासोबत इंजिनाला दुसरा मेंदू मिळतो, गॅसचा ईसीयू. पेट्रोल किती वेळ सोडायचे हे गाडीचा मूळ ईसीयू ठरवतो. गॅसचा ईसीयू तो इशारा घेतो, पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवतो आणि आपल्या मॅपनुसार गॅस किती वेळ सोडायचा ते काढतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो सीएनजीला सुमारे १७. त्यामुळे हा हिशेब प्रत्येक गाडीवर जुळवावा लागतो.

आमच्यापुढे दोन किट होते. एक स्वस्त, त्यातला ईसीयू दुसऱ्या गाडीतून काढलेला, कागदपत्रे नाहीत. दुसरा महाग, पण पुण्याच्या एआरएआयची त्या मॉडेलसाठी मान्यता असलेला आणि आरसी बुकवर नोंद होणारा. पैसा लोकांच्या दानाचा, म्हणून काहींचे मन स्वस्ताकडे होते. तेव्हा एका मावशींनी विचारले, “सिलिंडरच्या पुढच्या सीटवर कोण बसणार?” त्या सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरतात. आम्ही महाग किट घेतला. दर ३ वर्षांनी सिलिंडरची चाचणी करायची, हेही वहीत लिहून ठेवले.

गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडून ट्यूनिंग झाले. उभी गाडी गॅसवर छान चालत होती. तरी आम्ही पाच जण बसून फिटरसह खानवेलच्या पुढे, दुधनीकडच्या चढावर गेलो. तिथे स्कॅनरवर दिसले की मूळ ईसीयू १५ टक्के जादा इंधन मागतो आहे. म्हणजे चढावर गॅस कमी पडत होता. असे असूनही गाडी चालत राहते, आतल्या माणसाला काही कळत नाही. पण इंजिन जास्त तापते आणि व्हॉल्व्ह खराब होतात. मग एखाद्या रात्री पेशंटला नेताना ती वाटेतच बंद पडायची. फिटरने मॅपमधले जड भाराचे आकडे थोडे थोडे वाढवले. तिसऱ्या फेरीला फरक ५ टक्क्यांच्या आत आला.

बंधुभगिनींनो, प्रार्थनासभेत बसलेले असताना आपल्या सर्वांचा संयम ठीकच असतो. रात्री दोन वाजता दार वाजते, तेव्हा तो किती खरा ते कळते. तोवर थांबू नये. लहान लहान कामांत स्वतःला भाराखाली तपासावे आणि कमी पडेल तिथे प्रभूकडे मागावे.

तुमच्या धर्मग्रामात गाडीला किट बसवणार असाल, तर मान्यतेचा कागद पाहा आणि माणसे बसवून चढावर नेल्याशिवाय “झाले” म्हणू नका.