झेल सोलकरांचा, बळी गोलंदाजाचा

धावफलकात बाद झालेल्या फलंदाजापुढे बऱ्याचदा दोन नावं असतात. आधी झेल घेणाऱ्याचं, मग गोलंदाजाचं. बळी मात्र जमा होतो गोलंदाजाच्याच खात्यात. एकनाथ सोलकरांच्या बाबतीत हे कसोटीत ५३ वेळा घडलं, तेही अवघ्या २७ सामन्यांत.

सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. घर म्हणजे मैदानावरचीच एक खोली. असा हा माळ्याचा मुलगा १९६९ मध्ये भारताकडून खेळला. जागा कोणती? फॉरवर्ड शॉर्ट लेग. फलंदाजापासून तीन-चार पावलांवर, वाकून उभं राहायचं. डोक्यावर हेल्मेट नाही. उर्दूत ज्याला हाज़िरदिमाग़ी म्हणतात, ती तिथं प्रत्येक चेंडूला लागते. नजर हलली की झेल तरी सुटतो, नाहीतर चेंडू अंगावर येतो.

१९७१ चा ओव्हल कसोटी सामना. पहिल्या डावात ९० धावा करणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात खेळायला आला. वेंकटराघवनचा चेंडू उडाला आणि सोलकरांनी पुढं झेपावून तो जमिनीलगत टिपला. नॉट एका धावेवर बाद. चंद्रशेखरनं सहा बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं. विजयाचा फटका मारला हैदराबादच्या सय्यद आबिद अलींनी. तेही जवळचे झेल घेण्यात तरबेज. भारतानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकली.

हे सगळं मी वर्गात सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या कळंबमध्ये संध्याकाळी पोरं टेनिस बॉलवर खेळतात. बॅट ज्याची, त्याची बॅटिंग आधी. ज्याच्याकडं काहीच नाही, तो उन्हात फिल्डिंगला. वर्गातला एक मजुराचा मुलगा मला म्हणाला, "सर, माझा नंबर येईपर्यंत रोज अंधार पडतो."

त्याला सोलकरांचं उदाहरण देऊन "फिल्डिंगही मोठी असते" एवढंच सांगणं सोपं होतं. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. १९७५ मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत सोलकरांनी वेस्ट इंडिजविरुद्ध १०२ धावा केल्या. त्यांनाही कुणीतरी बॅट हातात दिली होती, म्हणून ते शतक झालं. गरिबाच्या मेहनतीची तारीफ करायची आणि त्याला कायम तिथंच उभं ठेवायचं, ही आपली जुनी सवय. शाळेत, मोहल्ल्यात, जमातीच्या कमिटीतही हेच दिसतं. सतरंज्या उचलणारे ठरलेले, माईक धरणारे ठरलेले.

सोलकर शेवटची कसोटी १९७७ मध्ये खेळले, तेव्हा वय २८. २००५ मध्ये ते गेले. त्यांचे झेल आजही लोक आठवतात.

वर्गातल्या पोरांना मी एकच नियम घालून दिला आहे: बॅट कुणाचीही असो, नंबर चिठ्ठ्या टाकून ठरेल. परवा पहिली चिठ्ठी त्या मुलाची निघाली. दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. पण उजेड होता.