गंज, चामडं आणि मूळ रूप



'एमजी' म्हटलं की आपल्याकडे आता हेक्टर डोळ्यांसमोर येते. पण हे नाव मुळात ऑक्सफर्डचं. विल्यम मॉरिस यांच्या 'मॉरिस गॅरेजेस' या दुकानाची ती आद्याक्षरं. १९२९ साली कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावात गेला आणि १९८० मध्ये बंद होईपर्यंत तिथं बुटक्या, उघड्या टपाच्या गाड्या बनत राहिल्या. त्यांतली सर्वांत जास्त खपलेली 'एमजीबी'. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. आज नाव चिनी कंपनीकडे आहे, पण इंग्लंडमध्ये ती जुनी गाडी अजून घरोघरी जपतात. सुटे भाग मिळतात, अगदी नवीन पत्र्याचा अख्खा सांगाडासुद्धा मिळतो.

अशी १९६७ सालची एक लाल एमजीबी माझ्या लेकीच्या लेस्टरच्या घरी गॅरेजमध्ये आहे. गेली तीन वर्षं ती आणि जावई सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम करतात. गाडी शेजारच्या आजोबांची. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येईना, म्हणून त्यांनी जवळजवळ फुकटच दिली. मी दर उन्हाळ्यात जाते, स्टुलावर बसून बघते आणि खर्चाची वही लिहिते. बी. कॉम.चा तेवढा तरी उपयोग!

फोटो पाहून तुमच्यापैकी दोघी-तिघींनी विचारलं, "अहो, जैनांच्या घरात हा असला शौक? हा परिग्रह नाही का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यावरच लिहिते.

या कामाला तिकडे 'रिस्टोरेशन' म्हणतात, म्हणजे मूळ रूपात आणणं. सुरुवात होते गंजापासून. या गाडीला टप नाही, त्यामुळे तिची सगळी ताकद दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्यांत असते. त्यांना 'सिल' म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला पत्रा आणि खालची पट्टी असे तिचे थर. नेमकं तिथंच पाणी साठतं. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. काचेपुढच्या हवेच्या जाळीतून शिरलेलं पाणी खाली सोडायला एक नळी असते, ती पालापाचोळ्यानं तुंबते. दाराच्या तळाची भोकं बुजतात. त्यात तिकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. एवढं सगळं झाल्यावर लोखंड किती टिकणार?

या गाडीच्या पेट्या वरून छान दिसत होत्या. लेकीनं ग्राइंडर लावला तेव्हा कळलं की कुणीतरी कधीतरी कुजलेल्या पत्र्यावरच नवीन पत्रा ठोकून, पुट्टी भरून, रंग दिला होता. आत बोटानं दाबलं तर भुगा पडत होता. शेजारचे आजोबा म्हणाले, हे तिकडे सर्रास चालतं, वार्षिक तपासणीतून गाडी निघावी म्हणून.

जावई म्हणाले, कुजलेलं कापून लगेच नवीन पत्रा जोडू. लेक म्हणाली, आधी पाणी कुठून येतंय ते शोधू, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा हेच. मग आठवडाभर दोघं नुसती नळी साफ करत होते, भोकं मोकळी करत होते, बादलीनं पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते बघत होते. मला आपल्या बारा भावना आठवल्या. आस्रव, मग संवर, मग निर्जरा. भोक पडलेल्या नावेचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. भोक न बुजवता पाणी उपसत बसलं तर नाव बुडणारच. आपण मात्र उपास करतो, पारणं करतो आणि दुसऱ्या दिवशी फोनवर जावेची उणीदुणी सुरू. निर्जरेला घाई आणि संवराचा पत्ता नाही!

कापायचं कामही तोलून करावं लागतं. दाराच्या चौकटीत आधी लोखंडी दांडा आडवा वेल्ड करतात, नाहीतर पेटी काढताच गाडी मधोमध वाकते. एका वेळी एकच बाजू घ्यायची. पुन्हा पुन्हा दार लावून फट सारखी आहे का ते बघायचं. नवीन पत्रा बसल्यावर जस्ताचा प्रायमर, सांध्यांत सीलर आणि शेवटी पेटीच्या आत मेणाचा फवारा. मेणाचा डबा आणताना लेकीनं लेबल वाचलं, कारण काहींमध्ये लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी असते. तिनं नुसतं पेट्रोलियमचं मेण शोधून आणलं. आपण बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन शोधतो, तसंच.

आता उंदरांची गोष्ट. दुसऱ्या वर्षी सीट काढायला घेतली तर ड्रायव्हरच्या सीटच्या फोममध्ये उंदरीण व्यालेली. पाच पिल्लं, गुलाबी, डोळेही न उघडलेली. कसल्या लॉबीत पोचवायची होती गाडी? सीट होती तशी ठेवली, वर जुनी चादर टाकली आणि गॅरेजमध्ये ग्राइंडर बंद. साधारण तीन आठवड्यांत पिल्लं आपापली खायला लागतात आणि हिंडू लागतात. ते आठवडे दोघांनी कार्ब्युरेटर घरात आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर साफ केले. (माझ्या ओट्याला हात लावू दिला नाही!) घरटं रिकामं झाल्याची खात्री झाल्यावर सीट उचलली आणि गॅरेजच्या दाराखालची फट ब्रशच्या पट्टीनं बंद केली. आजोबा हसले, पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी विचारलं, "गेली का सगळी नीट?"

गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. वेल्डिंग आहे, रंग आहे, धूर आहे. पण यत्नाचार तर पाळता येतो. पत्रा घासण्याआधी कोळी आणि किडे कुंच्यानं कपात घेऊन बागेत सोडायला अर्धा तास जातो, एवढंच.

खरा पेच पडला तो सीटवरून. १९६७ च्या एमजीबीच्या सीटला बसायच्या जागी चामडं असे. गंमत बघा, १९२९ साली ॲबिंग्डनला एमजीचा कारखाना ज्या इमारतींत गेला, त्याही 'पाव्हलोवा' नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या होत्या. तर या गाडीची चामडी आवरणं शिवणीवर फाटली होती. मूळ रूपात आणायची तर नवीन चामडं घालायला हवं. जुन्या गाड्यांच्या लोकांत 'ओरिजिनल' या शब्दाला फार मान. रंगाची छटा, स्क्रूचं डोकं, सगळं त्या वर्षीचं हवं. तसं नसलं की किंमत उतरते.

लेक म्हणाली, चामडं नाही. जावई म्हणाले, नवीन नकोच, पण जुनं आहे तेच शिवून घेऊ. ते जनावर १९६७ पूर्वीच गेलं, त्यात आपला काय दोष? आणि रेक्झिन म्हणजे तरी प्लास्टिकच ना? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्ही सांगा."

मी एवढंच म्हटलं, नवीन चामडं विकत घेतलं तर ते सरळ 'कारित' झालं, त्यावर चर्चाच नको. जुन्याचा दोष किती ते केवलीच जाणोत. पण लेस्टरचं आपलं मंदिर तुम्हाला माहीत आहे, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं, पूर्वीच्या चर्चचं १९८८ साली मंदिर झालं ते. दिगंबर, श्वेतांबर सगळे एकाच छताखाली. तिथं आत जाताना पट्टा आणि पाकीट बाहेर काढून ठेवता. मग चामड्यावर बसून तिथपर्यंत जाताना मन काय म्हणेल? मनाला रोज ते योग्यच आहे असं समजवावं लागलं, तर ती अनुमोदना. प्लास्टिकचं म्हणाल तर तोही दोष आहेच, पण दोन्ही एका तराजूत बसत नाहीत.

जावयांना पटलं. अवघड होतं ते आजोबांना सांगणं. त्या डाव्या सीटवर त्यांची पत्नी चाळीस वर्षं बसली होती, आणि आता त्या नाहीत. लेक स्वतः गेली, त्यांच्या बागेत बसून बोलली. आम्ही जनावराचं कातडं वापरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण गाडीच्या बाबतीत त्यांना ते सुचलं नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, डाव्या सीटच्या पाठीचं आवरण मला देशील का? लेकीनं शिवण उसवून, पुसून, कागदात गुंडाळून दिलं. आपण त्यांना उपदेश करायला गेलो नाही, आणि ते आमच्यावर रागावले नाहीत. बाकीची आवरणं मापासाठी वापरून, काळं रेक्झिन कापून नवीन सीट शिवल्या. पुढच्या काळात कारखान्यानंही याच गाडीला चामडं सोडून रेक्झिनच लावलं होतं, हे नंतर कळलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात 'मूळ रूप' हा शब्द घोळतो आहे. गाडी म्हणजे पुद्गल. तिचे पर्याय क्षणाक्षणाला बदलतात. १९६७ साली ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडली ती अवस्था, आजोबांच्या संसारातली, उंदरांच्या घरट्याची, आणि आता रेक्झिनची, हे सगळे पर्यायच. त्यांतल्या एकाच दिवसाला 'मूळ' म्हणून धरून बसायचं ही माणसांनी केलेली सोय आहे. मग त्या दिवसातलं काय परत आणायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला आपण मोकळे आहोत. ज्याला खरोखर मूळ रूप आहे तो फक्त जीव. आणि त्याच्यावर किती थर पुट्टीचे बसलेत, ते आपलं आपल्याला ठाऊक!

आता परिग्रहाचं. वही माझ्याकडे असल्यानं सांगते, गाडी विकली तरी घातलेले पैसे निघणार नाहीत. जावई त्याला गुंतवणूक म्हणत होते, मी ते खातं खर्चात टाकलं. (या गाडीत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या उलट. बँकेच्या पासबुकातली जमा आपल्या वहीत नावे दिसते, तसंच काहीसं. मला लगेच समजलं, जावयांना वेळ लागला.) पण परिग्रह पैशात मोजत नाहीत. वस्तूत जीव किती अडकला, त्यावरून मोजतात. म्हणून गेल्या दशलक्षणात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, लेकीनं परिमाण घेतलं: ही एक गाडी झाली की दुसरी नाही, हत्यारं गल्लीत कुणालाही वापरायला द्यायची, आणि पुढं कुणाला हवी झाली तर भाव न करता द्यायची. शेवटचा नियम घेताना तिचा आवाज जरा अडखळला. मला बरं वाटलं. जिथं अडखळतो, तिथंच अडकलेलो असतो.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडे रस्ताकर नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. तरी दोघांनी ठरवलंय, तपासणी दर वर्षी करून घ्यायची. सक्ती नसताना स्वतःला तपासून घेणं, हीच तर आलोचना.

इंजिन सुरू झालं आहे, रंग बाकी आहे. पहिली फेरी आजोबा मारणार, असं ठरलंय.

तुमच्या घरी अशी जुनी कोणती वस्तू आहे? आजेसासूबाईंचं कपाट, वडिलांची सायकल, शिवणयंत्र? दुरुस्तीला काढलीत तर आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. आणि आत कुणी राहत असेल तर थोडं थांबा.

जयजिनेंद्र.