एसटीचा रकाना

आमच्या चंदगड भागातून बेळगावला शिकायला येणाऱ्या पोरांना एसटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. थांब्यावर तयार होऊन उभं राहायचं आणि गाडी न आल्यामुळे पहिला तास बुडवायचा, हा आमचा नेम. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही एक एसटी असते, आणि तिचा अर्थ गाडी न येण्याशीच जुळतो, हे मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं. कळलं ते जरा महागात पडून.

आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक सर्व्हर आहे. खरं मशीन एकच, चार कोरचं, पण त्याच्या पोटात चार आभासी मशीन चालतात. एकावर ग्रंथालयाची सूची, एकावर ऑनलाइन चाचण्यांचं मूडल, एक लिनक्सच्या सरावासाठी, आणि एक माझ्या प्रोजेक्टसाठी मला दिलेलं. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 बाजारात आणलं, त्याच्याही आधीची. लिनक्समध्ये केव्हीएम आलं 2007 साली, आणि मग आपल्यासारख्या कॉलेजलाही एका मशीनची चार करणं परवडू लागलं. प्रत्येक आभासी मशीनला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, घर आपलंच आहे. भिंतीपलीकडे कोण राहतं ते त्याला दिसत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अकरा वाजता अंतर्गत चाचणी होती. अठ्ठावन्न मुलं, तीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला मूडल रांगायला लागलं. उत्तर निवडून पुढे जायला मिनिट मिनिट लागत होतं. लॅबची जबाबदारी माझ्याकडे आणि मदतीला प्रथम वर्षातला एक मुलगा. मी मूडलच्या मशीनमध्ये शिरून टॉप ही कमांड दिली. लोड ॲव्हरेज चौदा! म्हणजे चार प्रोसेसरच्या मशीनवर सरासरी चौदा कामं एक तर चालू होती, नाही तर ताटकळत होती. यादीत सगळ्यात वर डेटाबेस. आदल्या दिवशी त्या मुलाने मूडलमध्ये नवी प्रश्नपेढी चढवली होती. झालं, मला चोर सापडला.

तरी खात्री करावी म्हणून मी व्हीएमस्टॅट दिलं. एकच ओळ आली, सगळं आलबेल. म्हणजे मशीन ठीक, प्रश्नपेढीच वाईट. सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्यामुळं झालं हे. न विचारता कशाला हात लावतोस?"

तो एवढंच म्हणाला, "दादा, मी फक्त प्रश्न चढवलो ओ. बाकी कायबी बदललो न्हाई."

चाचणी रद्द झाली. फादर आले, काही न बोलता मुलांना घरी पाठवलं आणि त्या मुलाकडे एकदा बघून गेले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

दुपारी दोन वाजता तो मुलगा मोबाइल घेऊन आला. चाचणी चालू असताना त्याने टॉपच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. "दादा, ह्या ओळीतला शेवटचा एसटी म्हणजे काय ओ? त्रेचाळीस दाखवालंय."

मी ती ओळ शेकडो वेळा पाहिली होती. यूएस म्हणजे आपल्या प्रोग्रॅमना गेलेला वेळ, एसवाय म्हणजे कर्नलला गेलेला, आयडी म्हणजे रिकामा, डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला. इथवर वाचून माझी नजर नेहमी खालच्या यादीकडे घसरायची. शेवटचा एसटी म्हणजे स्टील. चोरी! आभासी मशीनकडे काम तयार होतं, पण खरा प्रोसेसर तेव्हा दुसऱ्या कुणाकडे होता, असा वेळ. थांब्यावर उभं राहून गाडीची वाट बघावी, तसा. हा आकडा पाहुण्या मशीनला स्वतःहून कळत नाही. यजमान मशीन तो दोघांच्या सामायिक मेमरीत लिहून ठेवतं, तिथून पाहुणं वाचतं. वेळ गेला एवढं कळतं. कुणी नेला, ते आतून कळत नाही.

मग व्हीएमस्टॅटने सगळं आलबेल का दाखवलं? कारण त्याची पहिली ओळ ही मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आमचं मशीन महिनाभर बंद झालं नव्हतं. महिन्याच्या सरासरीत वीस मिनिटांची चोरी कुठे दिसणार? व्हीएमस्टॅट 1 असं दिलं असतं, तर दर सेकंदाची ताजी ओळ आली असती आणि एसटीचा रकाना बोंबलून सांगत राहिला असता.

चोर बघायचा तर घराबाहेर पडून यजमान मशीनवर जावं लागतं. तिथे व्हर्श लिस्ट दिलं की चालू मशीनची नावं येतात, आणि व्हर्ट-टॉप दिलं की कुणी किती प्रोसेसर खाल्ला ते. मी व्हर्ट-टॉप दिलं. मूडल आता रिकामं होतं, दोन टक्के. ग्रंथालय एक टक्का. सर्वांत वर सत्त्याण्णव टक्क्यांवर एक मशीन, आणि त्याचं नाव मीच ठेवलं होतं.

27 फेब्रुवारीला आपल्या मंडळाने केलेल्या मराठी भाषा गौरव दिनाचं चित्रीकरण ई-मासिकासाठी लहान करायचं होतं. सकाळी दहाला मी एफएफएमपेगला ते काम लावून दिलं होतं आणि विसरलो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी वर्गासमोर मारल्या होत्या.

त्यातही मला लागलं ते वेगळंच. काम लावताना मी नाइस 19 लावलं होतं. म्हणजे सर्वांत नम्र, 'आधी तुम्ही जा, मग मी' म्हणणारं काम. इतरांना त्रास नको म्हणूनच लावलं होतं. पण नाइस चालतं ते त्या मशीनच्या चार भिंतींच्या आत. आत दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे ते नम्र काम चारही प्रोसेसर घेऊन बसलं. बाहेरच्या यजमानाला आतला नम्रपणा दिसत नाही. त्याला दिसतात प्रोसेसर मागणारी दोन सारखी मशीन, आणि तो दोघांना अर्धं अर्धं वाटून देतो. माझ्या घरात मी सभ्यच होतो. शेजाऱ्याचं काय झालं ते मी बघितलं नव्हतं.

त्या मुलाने पडदा माझ्याआधीच वाचला होता. काही बोलला नाही. मी काम थांबवलं. मग फादरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगितलंस, चांगलं केलंस. पण तू वर्गात बोलला होतास ना?"

सोमवारी चाचणी पुन्हा झाली. सुरू होण्याआधी त्याच अठ्ठावन्न जणांसमोर मी उभा राहिलो आणि चूक माझी होती, त्याची नव्हती, असं सांगितलं. दोन वाक्यं. ती बोलायला लागलेला वेळ कुठल्या रकान्यात धरायचा, कोण जाणे. मुलं हसली. तो मात्र खाली मान घालून कीबोर्डकडे बघत होता. दोष देताना जेवढे कान टवकारले होते तेवढे माफी मागताना नव्हते, हेही मला दिसलं.

आता माझ्या मशीनला दोनच प्रोसेसर ठेवलेत. व्हर्श शेडइन्फोने त्याचा वाटाही इतरांच्या दहाव्या हिश्श्यावर आणलाय. गर्दी नसेल तर त्याला हवं तेवढं मिळतं, गर्दी झाली की ते मागे सरतं. खरा नम्रपणा तो, कारण तो यजमानाला ठाऊक आहे. चित्रीकरणाची कामं रात्री अकरानंतर. आणि काही रांगायला लागलं, की पहिल्यांदा व्हर्ट-टॉपमध्ये माझं नाव शोधायचं.

मूडल आता तो मुलगा सांभाळतो. मला अजून दादाच म्हणतो. फक्त दर चाचणीच्या सकाळी त्याचा मेसेज येतो: "दादा, तुमचं मशीन बंद हाय न्हवं?"

मी बघतो, आणि मगच उत्तर देतो.