पॅडनंतरचा चेंडू

सामना सुरू असला की आमच्या पांढुर्ण्यात टपरीवरच्या टीव्हीपुढचा प्रत्येक जण कर्णधार असतो. चेंडू पॅडवर आदळायचा अवकाश, मागून आवाज येतो, "घे न बे रिव्ह्यू!" मैदानावरच्या कर्णधाराला पंधरा सेकंद मिळतात, इथे तेवढाही वेळ लागत नाही. आणि रिव्ह्यू वाया गेला की तीच मंडळी, "घ्याचा कायले होता?" म्हणायला मोकळी.

यातलं कडाक्याचं भांडण 'अंपायर्स कॉल'वरून होतं. चेंडू यष्टीला लागताना दिसतो, पण निम्म्याहून कमी. मग पंचांनी आधी जे दिलं असेल तेच कायम. म्हणजे तोच चेंडू, तीच यष्टी. बोट वर गेलं असेल तर आउट, नसेल तर नाबाद. टपरीला हे पटत नाही. "लागला म्हणजे लागला, त्यात अर्धं-पाव काय?" खुद्द सचिन तेंडुलकरचंही हेच म्हणणं. २०२० मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की रिव्ह्यूत चेंडू यष्टीला लागतोय असं दिसलं तर फलंदाज बाद, किती टक्के लागतोय ते पाहू नये.

त्याने बोलावं, हे साजेसंच आहे. १९९२ मध्ये डर्बनला टीव्हीवर रिप्ले पाहून धावचीत दिला गेलेला पहिला फलंदाज तोच. १९९९ मध्ये अ‍ॅडलेडला मॅकग्राचा चेंडू चुकवायला तो वाकला, चेंडू खांद्यावर लागला आणि शून्यावर पायचीत; तो निर्णय आजही इकडे कुणी मान्य करत नाही. मग २०११, मोहाली, विश्वचषकाची उपांत्य फेरी. सईद अजमलच्या चेंडूवर इयान गूल्डने बोट वर केलं, तेव्हा सचिन तेवीसवर होता. रिव्ह्यूत चेंडू लेगस्टंपच्या बाहेरून जाताना दिसला. पुढे पंच्याऐंशी धावा, सामनावीर. अजमल अजूनही म्हणतो, आउट होता. गंमत अशी, की आपलं क्रिकेट मंडळ त्या काळात या रिव्ह्यू पद्धतीच्या विरोधात होतं. २००८ मध्ये श्रीलंकेत तिची पहिली चाचणी झाली तेव्हा भारताचे रिव्ह्यू जवळपास सगळेच फसले, आणि तो राग २०१६ च्या राजकोट कसोटीपर्यंत पुरला. विश्वचषक मात्र आयसीसीचा, तिथे आपली मर्जी चालत नव्हती.

मी या वादात टपरीच्या विरुद्ध आहे, आणि सचिनच्याही. चेंडू पॅडपर्यंत आला हे कॅमेऱ्याने पाहिलेलं असतं. त्यापुढची रेघ कुणीच पाहिलेली नसते. तो हिशेब असतो. पायचीत हा मुळात न घडलेल्या गोष्टीचा निवाडा आहे: पाय मध्ये नसता तर काय झालं असतं? यंत्र अंदाज चांगला करतं, पण अंदाजच. थोडक्यात हुकलं-लागलं असेल तिथे ते मैदानावरच्या माणसाचं ऐकतं, हा मला त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

बेसबॉलवाल्यांचं प्रकरण याहून सोपं होतं. २०१० मध्ये डेट्रॉइटचा पिचर गालारागा याने ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले. सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना पंच जिम जॉइस यांनी सेफ दिला आणि एकालाही बेसवर पोचू न देण्याचा 'परफेक्ट गेम' गेला. चूक जॉइस यांनी त्याच रात्री कबूल केली, पण निर्णय फिरवायची सोय नव्हती. २०१४ पासून तिथे मॅनेजरला आव्हान देता येतं. पाय आधी पोचला की चेंडू, हे घडून गेलेलं असतं. चित्रफीत पाहिली की संपलं. तिथे निवाडा यंत्राकडे द्यायला माझी काही हरकत नाही.

घडलेल्या गोष्टीचं आमच्याकडचं उदाहरण म्हणजे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा; एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. शेकडो लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत. मला हा खेळ कधीच आवडला नाही. पण त्यात पंच नाही आणि अपीलही नाही. झाड तोडून झेंडा ज्याच्या हाती, तो जिंकला. आता प्रशासन वरून ड्रोन फिरवतं, कॅमेरे लावतं, ते बंदोबस्तासाठी. कोण जिंकलं ते विचारायला कॅमेऱ्याकडे कुणी जात नाही.

क्रिकेटसाठी माझी एकच सूचना आहे. पडद्यावर चेंडूची रेघ पॅडपर्यंत सलग काढावी आणि तिथून पुढे तुटक, म्हणजे कुठवर पाहिलं आणि कुठून मोजलं ते सगळ्यांना दिसेल. टपरीवर हे बोलून पाहिलं. भजी तळणाऱ्याने झारा कढईवर आपटला आणि म्हणाला, "अन् तुटक रेघ यष्टीले लागली, तं आउट का नाबाद, थे सांगा न भाऊ."