खोकं वाजतंय

निपाणीत आमच्या एका मित्राने छातीपर्यंत येतील असे दोन स्पीकर आणले. जमिनीवर उभे राहणारे, अक्रोडी रंगाचे, पुढे काळी जाळी. रविवारी ऐकायला या म्हणाला, गेलो. चहा झाला आणि मतं सुरू झाली. एक म्हणाला, "बास लई भारी." दुसरा म्हणाला, "एकदम क्लिअर हाय की." मी 'मोकळा आवाज' असं काहीतरी बोललो; हा शब्द वापरला की पुढे कुणी काही विचारत नाही. तेवढ्यात हायवेवरच्या गॅरेजातला मेस्त्री मित्राच्या गाडीची किल्ली द्यायला आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. गाणं चालूच होतं. तो सरळ स्पीकरच्या कडेला गेला, बाजारात बैलाच्या बरगडीवरून फिरवावा तसा त्याच्या कुशीवरून पंजा फिरवला आणि मग बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत गेला. ठप्, ठप्, ठप्, ठण्.

"हितं खोकं वाजतंय की, मालक."

मालकांनी गाणं बदललं.

मेस्त्रीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. स्पीकरचा कोन जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो. तो मागचा आवाज मोकळा सुटला तर पुढच्याला खाऊन टाकतो, खालचे सूर तर पार गायब. म्हणून त्याला कोंडायला खोकं. पण कोंडलेला आवाज गप्प बसत नाही, भिंती हलवतो. उंच स्पीकरला फळ्या लांब, त्यामुळे ही भानगड जास्त. आत आडव्या पट्ट्या मारून फळ्या जखडाव्या लागतात. जिथे पट्टी नाही तिथे फळी आपला एक सूर धरून बसते आणि कुणीही गात असो, त्या सुराशी आलं की आपलं घोडं पुढे दामटते. कंपनीच्या कागदावर वॉट असतात, ओहम असतात, अमुक हर्ट्झपासून तमुक हर्ट्झपर्यंत असतं. हा 'ठण्' तिथे छापलेला नसतो.

निपाणी हे पुणे-बंगळूर रस्त्यावरचं गाव. तंबाखूच्या वखारी, विड्या आणि गॅरेजं. महादेव मोरे यांनी याच गावात पिठाची गिरणी चालवत कथा लिहिल्या. त्यांच्या कथांत ड्रायव्हर, मेस्त्री आणि वखारीत राबणाऱ्या बायका येतात. संगीतावर गप्पा मारणारी आमच्यासारखी माणसं फारशी येत नाहीत, आणि ते ठीकच आहे. मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवतो, मूठ कानाशी दाबतो आणि सगळ्या धडधडाटातून एकच बेअरिंग वेगळं काढतो. वॉटर पंपाचं आहे की डायनामोचं, ते बोनेट मिटायच्या आत सांगतो. आवाज चांगला की वाईट या भानगडीत तो पडत नाही. जे वाजायला नको ते वाजतंय का, एवढंच बघतो.

मला मात्र त्या 'ठण्'ने मिरजेला नेलं.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिची सुरुवात करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यांकडे वळले आणि त्यांच्यामागे अख्खी गल्ली वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्या गल्लीत काय बघायला आवडतं, तर जवारी काढणं. भोपळे पंढरपूरकडून येतात, माळ्यावर टांगलेले असतात, त्यांचं सगळ्यांना कौतुक. पण तंबोऱ्याचा जीव घोडीत असतो. घोडीचा माथा दिसायला सपाट. प्रत्यक्षात तो अगदी किंचित उतरता असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. कारागीर कानस मारतो, तार चढवतो, छेडतो, तोंड वाकडं करतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. शेजारी चहा निवत असतो. कुणी आलं-गेलं तरी मान वर होत नाही. बोटांना पांढरी पूड लागलेली, ती तो धोतराला पुसतो, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. केसभर पुढे गेला तर तार मुकी, केसभर मागे गेला तर चिरकी. मधेच एक जागा अशी येते की तार उघडते आणि एकाच तारेतून वरचे स्वर सांडायला लागतात. नीट लागलेल्या खर्जातून गांधार ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नसतो. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर पुस्तकाप्रमाणे उमटायला नको, तंबोऱ्यात उमटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी तबल्यावर लिहिलं होतं. नोबेल नंतर, उजेडासाठी.

भोपळा वाजलाच पाहिजे. स्पीकरचं खोकं वाजता कामा नये. तंबोऱ्याला स्वतःचा आवाज असावा लागतो आणि स्पीकरला तो असला, तर अब्दुल करीम खाँसाहेब गावोत की सिनेमातली मारामारी चालू असो, दोघांनाही तोच अक्रोडी खोकला. गणपती विसर्जनाला डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचत बेळगावच्या कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्यांना हा प्रश्न पडत नाही. तिथे खोकं, खिडक्यांची तावदानं, बरगड्या, सगळंच वाजायचं असतं.

स्पीकरच्या दुकानांचीही एक गंमत. बेळगाव असो नाहीतर पुणे, उंच स्पीकर ऐकायला गेलात की ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागतं, १९९४चं, टाळ्या-शिट्ट्यांसकट. सुरुवातीची गिटार झाली की खालून ढोल घुमतो आणि गिऱ्हाईक गार. दुकानदार बोलता बोलता आवाज थोडा चढवतो, तेही हिशेबात धरावं. दोन स्पीकरांतला जो किंचित मोठा वाजेल तोच कानाला सरस वाटतो. शिवाय बारीक आवाजात माणसाचा कान खालच्या सुरांना बराचसा बहिरा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे आलेखच काढून ठेवलेत. म्हणून मी म्हणतो, पोरं झोपल्यावर ठेवाल तेवढ्याच आवाजात ऐका. मोठ्या आवाजात सगळेच शूर.

आणि गाण्याआधीचा तंबोरा ऐका. गायक काळी एकमध्ये गात असेल तर षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, खर्ज त्याच्या निम्म्याला, सत्तरच्या जरा खाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरातून तो स्वर बाहेर पडूच शकत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो! वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर आपणच भरून घेतो. फोनवर बापयाचा आवाज बापयाचा वाटतो तो याच उधारीवर. उंच स्पीकर ही उधारी फेडतो, तिथे तो स्वर खरोखर हजर असतो. डग्ग्यावर तळहात घासून वादक घीस काढतो तेव्हा हे कळतं: बारक्या स्पीकरात नुसती घसघस, मोठ्यात ती हवा सरकत येऊन सोफ्याला टेकते. पण ख्याल ऐकणाऱ्याला त्याहून खाली, तीस-पस्तीस हर्ट्झपर्यंत कशाला जायचंय, हे मला कळलेलं नाही. तिथे आमचं कुणी राहत नाही.

खोलीचा तर पत्ताच वेगळा. आमच्याकडच्या नव्या बैठका म्हणजे गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, काचेचं शोकेस. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, टण् करून परत येते. लाखाचा स्पीकर त्या टाळीपुढे काय करणार? बारा फुटांच्या खोलीत सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपास एक सूर भिंतीभिंतींत अडकून फुगतो, आणि स्पीकर कोपऱ्यात सारला की आणखी फुगतो. उपाय आजीने शिवून ठेवलाय. एक जाड वाकळ मागच्या भिंतीवर टांगा. वरच्या सुरांची किरकिर तेवढ्याने बसते. खालचा फुगवटा मात्र वाकळीला दाद देत नाही, त्याला स्पीकर हलवत बसणं आलं. वाकळ टांगली तर पाहुण्यांना काय वाटेल, म्हणून कुणी टांगत नाही.

आणि डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये आपल्याच कंपनीतली चाळीस माणसं बसवून प्रयोग केला. स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण पडले; पडदा ओढल्यावर ते अंतर आटलं. ही ध्वनीच्या धंद्यातलीच माणसं. मग आमची काय कथा.

एडिसनच्या कंपनीने तर १९१५ पासून उलटा खेळ मांडला होता. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मधेच दिवे घालवायचे, आणि आता कोण गातंय ते लोकांनी ओळखायचं. लोक फसत. त्यातल्या गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून घेत, हे बाहेर यायला बराच काळ गेला.

यंत्राबरहुकूम गाणारा एक मुलगा आमच्याकडेही होऊन गेला. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी. बड्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि जशाच्या तशा म्हणून दाखवायचा, हरकत न् हरकत. एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटलं, वडील गावोगाव जलसे करीत फिरले. त्या चावीच्या भोंग्यातून त्याला किती ऐकू येत असेल? खाली खर्ज नाही, वर झळाळी नाही, मधली तेवढी एक पट्टी. तेवढ्यावर त्याने अख्खा गवई उभा केला. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे राहून ते आपलं गायला लागले, ती गोष्ट निराळी. मग क्षय, देवास, अंथरुणावरची वर्षं, एक फुप्फुस निकामी. नंतरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत सुरांचे तुकडे छोटे आहेत आणि दोन तुकड्यांच्या मधे श्वास आहे. बऱ्या स्पीकरवर तो श्वास गळ्याच्या थोडा आधी ऐकू येतो. हल्ली रेकॉर्डिंग स्वच्छ करायच्या नावाखाली गायकांचे श्वास कापून टाकतात. कशाला टाकायचे ते?